गादी कुरवाळायची, पत्र बडवायचं

टपालावर शिक्के मारणं हे काम कुणालाही जमेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं. डाव्या हाताने गठ्ठ्यातलं एकेक पत्र पुढे सरकवायचं, उजव्या हातातला लाकडी मुठीचा शिक्का आधी शाईच्या गादीवर टेकवायचा आणि मग तिकिटावर हाणायचा. गादी, पत्र. गादी, पत्र. पण गादीवर जोर पडला तर शिक्क्याच्या अक्षरांत शाई भरते आणि तारखेच्या जागी नुसता काळा डाग उठतो. पत्रावर जोर कमी पडला तर गावाचं नाव अर्धवट उमटतं. म्हणून नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका जुन्या शिक्केवाल्याने, ज्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि म्हणून जो कुणाचीच भीडभाड ठेवत नसे, नव्या उमेदवाराला एका वाक्यात सगळी विद्या देऊन टाकली.

"गादी कुरवाळायची, पत्र बडवायचं. बाकी सगळं साहेब लोकांसाठी."

नव्या उमेदवाराने पुढची चौतीस वर्षं हेच केलं. टपाल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, उंच टेबलाशी उभं राहून, जाड रबरी चटईवर, दिवसाला चार-पाच हजार पत्रं. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी जगाला ते शिक्केकाका. पार्सलं तोलणारे त्यांचे मित्र, ज्यांना अर्थातच काटेवाले म्हणत, सांगायचे की मागच्या खोलीतली थाप थांबली की समजावं, चहा आला.

माणूस एकच गोष्ट चौतीस वर्षं करतो तेव्हा ती गोष्टही माणसाला काहीतरी करतच असते. शिंप्याची मान वाकते, मास्तरांचा आवाज चढतो. शिक्केकाकांच्या अंगातला जोर कायमचा दुसऱ्या ठोक्यावर जाऊन बसला. पहिला ठोका हलका, दुसरा भारी. ते जिना असाच चढत, दात असेच घासत, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे शिंकाही त्यांना जोडीनेच येत, दुसरी मोठी.

हे एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण दैवाला विनोदाचं अंग आहे. काकू शाळेत गाणं शिकवत.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकूंच्या शाळेचं संमेलन होतं. साठ मुलं समूहगीत म्हणत होती, आणि पहिल्या रांगेत बसलेले नवे जावईबापू बायकोच्या कौतुकाने टाळ्यांचा ठेका धरत होते. जोरात. दुसऱ्या मात्रेवर. तिसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मुलं त्यांच्याबरोबर गेली, निम्मी काकूंबरोबर राहिली, आणि गाणं संपलं तेव्हा ते दोनदा संपलं.

घरी आल्यावर काकूंनी पदर खोचून पाणी प्यायलं आणि शांतपणे सांगितलं, "अहो, यापुढे टाळ्या वाजवत जाऊ नका. आनंद झाला तर नुसती मान हलवा."

त्यांनी पुढच्या वर्षी मान हलवून पाहिली. ती दुसऱ्या मात्रेवर हलली.

तेव्हापासून शिक्केकाकांचे हात गाण्याबजावण्यात खिशात गेले. वाढदिवसाचं गाणं सुरू झालं की घरातलं कुणीतरी त्यांच्या हातात चटकन काहीतरी देई: केकची सुरी, कुणाची पर्स, एकदा तर शेजाऱ्यांचं तान्हं मूल. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. एखाद्याला मिरची सोसत नाही, तशी यांना टाळी सोसत नाही, असं घराने मानून घेतलं होतं. त्यांनीही. बेताल माणूस म्हणून जगायला तसा काही त्रास नसतो, फक्त सगळे टाळ्या वाजवत असताना हातांना थोडं एकटं वाटतं.

निवृत्तीच्या तोंडावर शिक्के मारायचं यंत्र आलं. ते मिनिटाला सहाशे पत्रं मारी आणि गादी-पत्र असला काही भेद मानत नसे. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी शिक्केकाकांना त्यांची रबरी चटई भेट दिली, मधोमध चौतीस वर्षांचा खळगा पडलेली. काकू ती गरम पातेल्याखाली घेत. पातेलं खळग्यात बरोबर बसे.

असं सगळं मार्गी लागलेलं असताना नऊ वर्षांच्या नातीने जाहीर केलं की ती नाच शिकणार आहे, आणि साधासुधा नाही, जॅझ. मुलगी आणि जावई दोघंही कामावर असल्याने बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारला तिला पोचवायचं काम आजोबांकडे आलं.

वर्ग सायकलच्या दुकानाच्या वर होता. लाकडी जमीन, एका भिंतीभर आरसा, त्याच्या खालच्या कोपऱ्याला तडा आणि तड्यावर चिकटपट्टी, दाराशी चपलांचा ढीग आणि मागे पालकांसाठी एक बाक. नाचाच्या बाई पन्नाशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, डाव्या गुडघ्याला कायमचा पट्टा, आणि आवाज असा की खाली सायकलवाला पंक्चर काढताना त्यांच्या मोजणीवर पंप मारी.

"पाच, सहा, सात, आठ!" बाई म्हणायच्या आणि सगळी मुलं सुरू व्हायची.

शिक्केकाकांना पहिल्या दिवशी हेच कळेना. त्यांनी परतताना नातीला विचारलं, "अगं, तुमच्या बाई पाचापासून का मोजतात? एक ते चार कुठे गेले?"

"ते ऐकायचे असतात, आजोबा," नात म्हणाली. नऊ वर्षांच्या माणसाला साठीच्या माणसाची जेवढी कीव येऊ शकते तेवढी तिच्या आवाजात होती.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी नाच थांबवला आणि सगळ्यांना आरशासमोर बसवलं. "आज पाय नाही. आज फक्त टाळी," त्या म्हणाल्या आणि गाणं लावलं. अकरा मुलांनी टाळ्या सुरू केल्या. एक, तीन. एक, तीन. बाकावरच्या आयाही हौसेने सामील झाल्या.

बाईंनी गाणं बंद केलं. "हे संचलन झालं. सैनिक चाललेत. जॅझमध्ये टाळी दोनवर आणि चारवर. एक सोडायचा, दोनवर मारायची. पुन्हा!"

पुन्हा झालं. पहिल्या दोन टाळ्या दोनवर पडल्या, मग टाळ्यांचा लोंढा उतारावरच्या सायकलीसारखा एकवर येऊन थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला बाईंनी एकदम हात वर केला.

"थांबा. मागे कोण आहे?"

सगळे थांबले. बाकाच्या टोकाला एक माणूस खिडकीबाहेर बघत, स्वतःच्या नकळत, मुठीने गुडघ्यावर ठोके देत होता. हलका, भारी. हलका, भारी.

"आजोबा!" नात दबक्या आवाजात ओरडली. "हात!"

शिक्केकाका दचकले आणि दोन्ही हातांवर बसले. "माफ करा, बाई. सवय आहे. घरी मी खिशात ठेवतो."

"काय ठेवता खिशात?"

"हात."

बाई लंगडत बाकापर्यंत आल्या. त्यांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, जसं आपण जुन्या बाजारात अडगळीखाली चांगलं घड्याळ दिसलं की बघतो, म्हणजे चेहऱ्यावर काही दाखवत नाही. "काका, इकडे या. पुढे. करा पुन्हा, करत होतात ते."

"ते चुकीचं आहे, बाई. आमची ही गाण्याची शिक्षिका आहे. तिने तपासलंय."

"करा तर."

त्यांनी केलं. गाणं लागलं आणि शिक्केकाकांची मूठ मांडीवर पडू लागली, दोनवर, चारवर, न हलता, न घाई करता. बाईंनी गाणं मध्येच बंद केलं, वीस मोजले, परत लावलं. मूठ जागेवर होती.

"कुठे शिकलात?"

"टपालात," ते म्हणाले. आणि सगळ्या मुलांचे डोळे आपल्याकडे आहेत हे पाहून त्यांनी घसा साफ केला. "त्यात विशेष नाही. गादी कुरवाळायची, पत्र बडवायचं."

पाच मिनिटांत अकरा मुलं जमिनीवर बसून डावा तळवा कुरवाळत आणि उजवी मांडी बडवत "गादी, पत्र! गादी, पत्र!" असं ओरडत होती, आणि एकही चुकत नव्हतं. खाली सायकलवाल्याचा पंपही दोनवर आला.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर बाईंनी मुलांना हा नाच आला कुठून ते सांगितलं. आफ्रिकेतून धरून, साखळदंडात बांधून, समुद्रापार अमेरिकेत नेलेली माणसं. शेतांवर मरेमरेतो राबवलेली. त्यांच्याकडे ढोल होते, आणि ढोलाची भाषा मालकांना कळत नव्हती, म्हणून मालकांना भीती वाटली. कित्येक ठिकाणी ढोल बंद झाले.

"मग?" शिक्केकाकांनी विचारलं. ते बाकावर पुढे सरकले होते.

"मग काय? मांड्या होत्या. छाती होती. तळवे होते, टाचा होत्या. त्यांनी अंगाचाच ढोल केला. म्हणून या नाचात गुडघे वाकलेले, वजन खाली, जमिनीकडे. एक जण हाक देणार, बाकीचे उत्तर देणार. पुढे त्यांची मुलं-नातवंडं नाचली, मग तो नाच गावातल्या दिवाणखान्यांत गेला, रंगमंचावर गेला, शाळांत गेला. तिथे त्याला शिस्तीचे कपडे चढवले. पण आत तो ढोल आहे, काढून घेतलेला."

शिक्केकाकांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमचे शिक्के काढून घेतले तेव्हा आम्ही अर्ज केला होता. तीन प्रतींत."

बाई पुढे सांगत होत्या की त्या माणसांचा एक नाच तर मालकांची नक्कल होती: ताठ मान, पुढे काढलेली छाती, उंच पाय. मालक बघायचे, हसायचे, बक्षीसही द्यायचे, आणि आपलीच टर उडतेय हे त्यांच्या गावीही नसायचं. हे ऐकून मात्र शिक्केकाका उठले. आपल्या पोस्टमास्तरसाहेबांची सकाळची फेरी त्यांनी आयुष्यभर मागच्या खोलीत काटेवाल्यांना करून दाखवली होती, दार लावून. आज पहिल्यांदा दार उघडं ठेवून दाखवली. पोट पुढे, हनुवटी वर, हात पाठीमागे, आणि प्रत्येक पाऊल असं की जणू जमीन खात्याच्या मालकीची आहे. मुलं लोळली.

"काका," बाई म्हणाल्या, "बुधवारी सैल विजार घालून या."

अशा रीतीने वयाच्या बासष्टाव्या वर्षी एक निवृत्त टपाल कर्मचारी जॅझच्या बालवर्गात दाखल झाला. उंचीमुळे त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. जॅझचा चौकोन त्यांना लगेच जमला: उजवा पाय डाव्यावरून पुढे, डावा मागे, उजवा बाजूला, डावा पुढे. चार पावलं, चार कोपरे. "लिफाफा आहे हा," ते म्हणाले, आणि वर्गाने चौकोनाला लिफाफा म्हणायला सुरुवात केली. किक-बॉल-चेंजला जरा वेळ लागला. त्यात एक छोटी लाथ मारायची, मागच्या चवड्यावर जेमतेम टेकायचं आणि वजन लगेच दुसऱ्या पायावर द्यायचं. शिक्केकाकांची लाथ बरोबर जाई, चवडाही टेके, पण बदल घडेपर्यंत बाकीचे पुढच्या ओळीत असत. खरी अडचण आयसोलेशनची. एका वेळी अंगाचा एकच भाग हलवायचा, बाकी शरीर दगड. मनगट त्यांचं चौतीस वर्षं वेगळंच होतं. डोकं जमलं, खांदे जमले.

"आता बरगड्या. फक्त बरगड्या, उजवीकडे."

"त्या एकट्या जात नाहीत, बाई. त्यांना सोबत लागते."

हे सगळं काकूंना माहीत नव्हतं. काका सांगणार होते, रोजच सांगणार होते. दरम्यान एकदा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून त्यांचं डोकं डावी-उजवीकडे सरकत असलेलं काकूंनी पाहिलं आणि त्यांच्या मानेला बाम चोळला. खूप वेळ, प्रेमाने. त्यानंतर तर सांगणं आणखी अवघड झालं.

शेवटी ते नातीनेच फोडलं, जेवताना. वर्गाचा कार्यक्रम होता, रविवारी संध्याकाळी पाचला, काकूंच्याच जुन्या शाळेच्या सभागृहात. "आणि आजी, मध्ये गाणं बंद होणार! आठ वेळा आठ. तेव्हा आजोबा एकटे ताल धरणार, बाकीचे त्यांच्यावर नाचणार, मग गाणं परत येणार आणि मी बरोबर त्याच ठोक्यावर आत येणार, किक मारत!"

काकूंचा घास हातातच राहिला. "कोण ताल धरणार?"

"आजोबा."

शिक्केकाका पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

"अहो, ही काय म्हणतेय?"

"म्हणजे तसं थोडंसं. बाईंचा आग्रह."

"चाळीस वर्षं ताल शिकवला मी. सम पहिल्या मात्रेवर असते, हे पहिलीतल्या पोराला कळतं. दोनवर टाळी हा ताल नव्हे, ती चूक आहे. आणि चूक रोज केली म्हणून तिला शिस्त म्हणत नाहीत."

"पत्रं पोचली ना पण सगळी?" काका हळूच म्हणाले.

"पत्रांचं ठेवा बाजूला. आठ आठ चौसष्ट मात्रा! गाण्याशिवाय! या पोरीची किक तुमच्या भरवशावर?"

"आजी," नात म्हणाली, "वर्गात आजोबाच कधी चुकत नाहीत. बरगड्या सोडून."

शिक्केकाकांनी पेला खाली ठेवला. आयुष्यात त्यांनी पैजा फार लावल्या नव्हत्या. "असं करू. रविवारी माझा ताल सुटला, तर यापुढे मी टाळी वाजवणार नाही. मानही हलवणार नाही. मूल द्या हातात, पर्स द्या, काहीही द्या."

"आणि नाही सुटला तर?"

"तर मी हात खिशात घालणार नाही. कुठेच. वाढदिवसालासुद्धा."

"मी पहिल्या रांगेत बसणार आहे," काकू म्हणाल्या. ही धमकी होती की आश्वासन, हे चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या सुरावरून सांगता येत नाही.

तालमीत बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गाणं बंद झालं की पहिल्या क्षणाला काकांचे हात आपोआप खाली सरकत आणि खिशात जात. तिथून ते परत निघेपर्यंत दोन मात्रा उलटत.

"काका, तुमचे हात कुठे चाललेत?"

"घरी," ते म्हणाले.

"विजारीचे खिसे शिवून आणा."

घरात सुई-दोरा काकूंकडे असे. काकांना तर सुईत दोरा ओवताच येत नसे. शनिवारी दुपारी त्यांनी विजार काकूंसमोर ठेवली आणि काय हवं ते सांगितलं.

"नाचणाऱ्याचे खिसे शिवतात, हे नवीनच ऐकतेय. कशाला?"

"बाई म्हणतात, हात बाहेर राहिले पाहिजेत."

काकूंची सुई क्षणभर थांबली. मग त्यांनी दोरा दुहेरी केला आणि दोन्ही खिशांच्या तोंडाला बारीक, घट्ट, परतीचे टाके घातले. शेवटी गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि ओढून पाहिलं. "हत्ती बांधला तरी सुटायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांना कुठलंही काम वाईट करता येत नसे, पैजेच्या विरुद्ध असलं तरी.

रविवारी सभागृह भरलं होतं. दोनशे माणसं, त्यांतली निम्मी कधी ना कधी काकूंच्या हाताखाली गाणं शिकलेली. पहिल्या रांगेत मधोमध काकू. त्यांच्या मागे काटेवाले, जे दिसेल त्याला सांगत होते, "तो मागचा उंच आहे ना, तो आमच्या खात्याचा."

पडदा उघडला. पोस्टमास्तरांची चाल सगळ्या रांगेने केली, आणि काटेवाले इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोकी वेगळी, खांदे वेगळे, बरगड्या (मागच्या रांगेत सोबतीसह). लिफाफे झाले, बोटं फाकवून हात उघडले. काका घामाघूम, पण पावलं जागच्या जागी. पडद्याआडून बाईंनी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. गाणं यंत्रात मुकं चालूच होतं. चौसष्ट मात्रांनी बटण पुन्हा वर जाणार होतं, तेव्हा ताल जिथे असायला हवा तिथे असला तर नाच, नाहीतर शोभा.

शिक्केकाकांचा उजवा पाय हलकेच टेकला, तळहात मांडीवर पडला. गादी, पत्र. गादी, पत्र. पहिला आठ गेला. दुसरा गेला. मुलं त्याच्यावर नाचत होती, गुडघे वाकवून, जमिनीला धरून.

तिसऱ्या आठात प्रेक्षकांना मदत करावीशी वाटली.

रंगमंचावरच्या माणसाला सर्वांत मोठा धोका प्रेक्षकांच्या सदिच्छेचा असतो. आणि इथे तर पुढाकार काकूंचा होता. त्यांच्या मनात पैज नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. चाळीस संमेलनांत ध्वनिक्षेपक बंद पडला, पेटी अडली, मुलं बावरली की काकूंचे हात आपोआप वर जात आणि टाळीने मुलांना किनाऱ्याला लावत. गाणं थांबलं, मुलं वर, हात गेले. खणखणीत. एकवर.

जुन्या विद्यार्थ्यांना काकूंची टाळी ओळखू येत होती. तिसरीत असल्यासारखे ते सगळे मागोमाग निघाले. एक, तीन. एक, तीन. दोनशे माणसं.

रांगेच्या टोकाची दोन मुलं लगेच वाहून गेली. मधली एक मुलगी थबकली. विंगेत नात एका पायावर उभी, डोळे फक्त आजोबांवर. आणि आजोबांचा हात, सभ्य माणसाने सगळे टाळ्या वाजवत असताना जे करायचं असतं तेच करायला, निमूटपणे खिशाकडे निघाला.

खिसा बंद होता. बोटं टाक्यांवरून घसरली, घट्ट, बारीक, परतीच्या टाक्यांवरून, आणि हात खाली मांडीवर आदळला.

दोनवर.

शिक्केकाकांनी श्वास घेतला आणि पहिल्यांदाच त्या टाळ्या नीट ऐकल्या. एकवर पडत होत्या. म्हणजे गादीवर. गादी तर लागतेच, गादीशिवाय शिक्का उमटत नाही. चूक एवढीच होती की ही माणसं गादी बडवत होती. पहिल्या आठवड्यात सगळेच बडवतात.

चौतीस वर्षं पत्रं सरकवणारा त्यांचा डावा हात मोकळा होता. तो त्यांनी पुढे केला, तळवा खाली, आणि हवेत सावकाश दाबला. एकदा. दोनदा. डोळे पहिल्या रांगेच्या मधोमध.

ही खूण काकूंनी ओळखली, कारण ती त्यांचीच होती. मुलं केकाटायला लागली की चाळीस वर्षं त्यांनी हीच खूण केली होती: हळू, बाळांनो, हळू. स्वतःला झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग टाळी मवाळ झाली. तळव्याऐवजी बोटं, बोटांऐवजी दोन बोटं. मागोमाग सगळं सभागृह उतरलं, दोनशे माणसांची मऊ गादी झाली, आणि तिच्यावर शिक्केकाकांचा हात पडला. आता तो असा ऐकू आला की टोकाची दोन्ही मुलं टुणकन जागेवर आली.

गादी, पत्र. खाली सभागृह हाक देतंय, वर रांग उत्तर देतेय. पाचवा आठ, सहावा. काटेवाल्यांना ताल कधीच कळला नव्हता, पण तेही दोन बोटांनी खुर्ची कुरवाळत होते. सातव्या आठात काका हसायला लागले. आठव्यात त्यांच्या बरगड्या एकट्याच उजवीकडे गेल्या, कुणी न सांगता, आणि परत आल्या.

बाईंनी बटण वर केलं. गाणं बरोबर काकांच्या हाताखाली येऊन बसलं, आणि विंगेतून नात उडाली: लाथ, चवडा, बदल. लिफाफ्यावर तिकीट बसावं तशी.

पडदा पडल्यावर काकू मागे आल्या. आधी नातीला जवळ घेतलं, मग बाईंना नमस्कार केला, मग नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ते खुर्चीत बसून घाम पुसत होते. नात आजीचा पदर ओढत म्हणाली, "आजी, सांग ना काहीतरी."

"मी चुकले नव्हते," काकू म्हणाल्या.

"छे," काका म्हणाले. "जरा जोर जास्त होता."

"आणि तुम्ही..." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. वाक्य जड होतं आणि उचलायला लग्नापासूनची सगळी वर्षं लागली होती. "तुम्हीही नव्हता."

"पहिल्या वर्षीसुद्धा?"

"त्या वर्षीचं नंतर बघू."

घरी आल्यावर काकांनी विजार बदलली तशी काकूंनी ती हातात घेतली, खिशांवरून बोट फिरवलं आणि कात्री शोधू लागल्या. "आणा, उसवून देते."

"राहू दे," शिक्केकाका म्हणाले.

"तशीच?"

"तशीच. आणि बाकीच्या दोन पण शिवून टाक."

काकूंनी कात्री परत डब्यात ठेवली, सुई काढली आणि चष्मा लावता लावता, कितीही आनंदात असलं तरी व्यवहार न सोडणाऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "मग रुमाल कुठे ठेवणार?"

याचा शिक्केकाकांनी विचार केला नव्हता.